कोकणाला टेकलेला तांबडा समुद्र

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या धंद्याच्या जलमार्गांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याचे ते छोटे पुस्तक प्राचीन महाराष्ट्राच्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताखालून गेलेले असते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, अशी अंतरे तो देतो. तेरहून भडोचला साधे कापड आणि मलमल उतरते हे त्याला माहीत आहे. किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण आणि सेमिला ही बंदरेही तो नोंदवतो, त्यांतले सेमिला म्हणजे आपले चौल असे मानले जाते. कल्याणला एके काळी रीतसर व्यापार चाले, पण पुढे सत्ता बदलल्यावर तिथे आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले, हेही तो सांगतो. या पुस्तकाचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’, म्हणजे ‘तांबड्या समुद्राची सफर’. नाव इतक्या वेळा कानावरून गेलेले असते की त्यातला पेच सहसा जाणवत नाही. कल्याण, सोपारा आणि चौल तांबड्या समुद्रावर कसे? आजच्या नकाशातला तांबडा समुद्र आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामधला सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर लांबीचा चिंचोळा पट्टा आहे, आणि कोकणाचा किनारा तिथून फार लांब आहे. लेखकाचा भूगोल कच्चा होता म्हणावे, तर वाटेतल्या बंदरांची आणि मालाची त्याची माहिती चोख आहे. त्याच्या काळी ते नावच वेगळ्या अर्थाने चालत होते, आणि त्या जुन्या अर्थात या रंगाचा उलगडा दडलेला आहे.

ग्रीक भाषेत ‘एरिथ्रा थालासा’ म्हणजे तांबडा समुद्र. हे नाव सविस्तर वापरणारा पहिला लेखक इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला हेरोडोटस. तो युफ्रेटिस नदी एरिथ्रा समुद्राला मिळते असे लिहितो आणि टायग्रिसचेही तेच सांगतो. या दोन्ही नद्या इराणच्या आखाताला मिळतात. परागंदा केलेल्या लोकांना इराणचा राजा एरिथ्रा समुद्रातल्या बेटांवर वसवतो, असेही तो नोंदवतो, आणि तिथेही संदर्भ इराणच्या आखाताचाच आहे. आज ज्याला आपण तांबडा समुद्र म्हणतो, त्याला मात्र तो ‘अरबी आखात’ म्हणतो आणि मोठ्या एरिथ्रा समुद्रातून आत शिरलेला फाटा असे त्याचे वर्णन करतो. म्हणजे मूळ नाव दक्षिणेकडच्या साऱ्या महासागराचे होते. इराणचे आखात, अरबी समुद्र आणि पुढे भारताच्या किनाऱ्यापर्यंतचे पाणी त्यात येत होते, आणि आजचा तांबडा समुद्र हा त्याचा एक कोपरा होता. हे एकदा ध्यानात घेतले की कसोटी आपोआप कडक होते. ज्या स्पष्टीकरणाचा उगम त्या एका चिंचोळ्या पट्ट्यातल्या कुठल्याशा गोष्टीत आहे, ते पुरे पडणार नाही. युफ्रेटिसच्या मुखाशी आणि कोकणाच्या लाटांनाही हाच रंग का चिकटला, हे त्याला सांगता आले पाहिजे.

सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण शेवाळाचे आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग १८२३ साली सिनाई द्वीपकल्पातल्या तूर या ठिकाणी असताना तिथल्या आखातातले पाणी त्याला लालसर दिसले. तो रंग एका सूक्ष्म तंतुमय जिवामुळे आला होता, आणि १८३० मध्ये त्याने त्याला ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम हे नाव दिले. निरीक्षण अचूक होते, जीवही खरा आहे. त्याचे तंतू जुडग्यांनी पृष्ठभागावर येतात तेव्हा लाकडाचा भुसा पसरल्यासारखे दिसते, आणि जुन्या खलाशांनी त्याला समुद्राचा भुसाच म्हटले होते. जिवंतपणी तो पिवळसर तपकिरी असतो आणि मरून कुजू लागला की लालसर छटा येते. तेव्हापासून शालेय पुस्तकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत हेच उत्तर फिरते आहे, आणि त्याला विज्ञानाचा आधार दिसत असल्याने कोणी उलटतपासणी करत नाही. पण हा जीव तांबड्या समुद्राची मक्तेदारी नाही. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक समुद्रांत तो फुलतो. १८३२ मध्ये ब्राझीलच्या अब्रोलोस बेटांजवळ चार्ल्स डार्विनने असेच तांबूस झालेले पाणी पाहून टिपून ठेवले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तो येतो, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. ब्राझीलच्या किनाऱ्याला कोणी तांबडा समुद्र म्हटले नाही, आणि गोव्याच्या रापणकरांनीही म्हटलेले नाही.

इथे शेवाळवाद्याला एक बाजू मांडता येईल. हा जीव अरबी समुद्रातही फुलतो, म्हणजे नावाचा सारा विस्तार त्याच्या कक्षेत येतो. मग याच जिवावरून एवढ्या मोठ्या समुद्राला नाव पडले असेल, तर हरकत काय? हरकत ही की, नाव पडण्यासाठी वैशिष्ट्य ठळक असावे लागते. फुलोरा वर्षातून काही आठवडे, काही ठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी येतो आणि त्यातही लाली शेवटीच दिसते. बाकीचा सारा काळ तांबडा समुद्र जगातल्या सर्वांत नितळ निळ्या पाण्यांपैकी एक असतो, कारण त्याला बारमाही नदी मिळत नाही, पाऊस नगण्य पडतो आणि गाळ येत नाही. पाण्याच्या रंगावरून समुद्राला नाव पडतच नाही असे माझे म्हणणे नाही. चीनच्या किनाऱ्याचा पिवळा समुद्र हे त्याचे उघड उदाहरण आहे. नद्यांनी आणलेल्या पिवळ्या मातीने तिथले पाणी खरोखर मातकट होते, आणि ते काठावरून पाहता येते. तशी साक्ष तांबड्या समुद्राच्या बाबतीत मिळत नाही. किनाऱ्यावरच्या लालसर डोंगरांचे स्पष्टीकरणही याच कारणाने लंगडे पडते. सिनाईचे डोंगर संध्याकाळी तांबूस दिसतात हे खरे, पण युफ्रेटिसच्या मुखाशी सपाट दलदल आहे.

जे लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्याच्या काठावर राहिले, त्यांनी त्याला काय म्हटले हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. हिब्रू बायबलमध्ये त्याचे नाव ‘याम सूफ’ असे आहे. ‘सूफ’ म्हणजे लव्हाळे, तान्ह्या मोशेची टोपली ज्यात ठेवली होती तेच. या नावात रंगाचा मागमूस नाही. काहींनी एदोमच्या प्रदेशाकडे बोट दाखवले, कारण एदोम या नावाचा संबंध हिब्रूतल्या तांबड्या रंगाशी जोडला जातो आणि त्यांची भूमी अकाबाच्या आखाताला भिडलेली होती. तर्क आकर्षक आहे, पण बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथातच त्याचे उत्तर आहे. शलमोन राजाने जहाजे बांधली ते एसयोन-गेबेर बंदर कुठे आहे हे सांगताना तो ग्रंथ ‘एदोमच्या देशात, याम सूफच्या काठी’ असा पत्ता देतो. एदोमच्या दारात उभे राहूनही हिब्रू लेखकाला हा समुद्र तांबडा वाटला नाही. बायबलच्या भाषांतरांत ‘तांबडा समुद्र’ आला तो इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या ग्रीक भाषांतरकारांमुळे. त्यांनी याम सूफचा शब्दार्थ बाजूला ठेवला आणि आपल्याकडचे रुळलेले एरिथ्रा हे नाव घातले. मध्ययुगातले अरब भूगोलकार याला ‘बहर अल-कुल्झुम’ म्हणत, सुएझजवळच्या कुल्झुम गावावरून. आजचे ‘अल-बहर अल-अहमर’ हे नंतर स्थिरावलेले नाव आहे. प्राचीन इजिप्तचे लोक नाईलच्या काळ्या गाळाच्या जमिनीला काळी भूमी आणि वाळवंटाला तांबडी भूमी म्हणत, म्हणून तांबड्या भूमीपलीकडचा तो तांबडा समुद्र, असाही एक अंदाज आहे. पण मग हेरोडोटसने नेमके इजिप्तला लागून असलेल्या फाट्याला अरबी आखात आणि इराणकडच्या पाण्याला तांबडा समुद्र का म्हणावे, याचे उत्तर त्या अंदाजाकडे नाही. काठावरच्या कोणाही जुन्या लोकांच्या तोंडी रंग सापडत नाही, म्हणून नावाचा उगम काठापासून दूर शोधला पाहिजे.

ग्रीकांनाही हा प्रश्न पडला होता, आणि त्यांची उत्तरे चुकीची असली तरी फार बोलकी आहेत. स्ट्रेबो या भूगोलकाराने ती एकत्र नोंदवली आहेत. कोणी म्हणत, डोक्यावरच्या सूर्याचा रंग पाण्यात उतरतो. इराणी दरबारात वैद्य म्हणून राहिलेला क्टेसियस एका झऱ्याचे नाव घेतो, जो गेरूने तांबडे झालेले पाणी समुद्रात सोडतो. आणखी एक परंपरा एरिथ्रास नावाच्या माणसाची. तो कुठे इराणी आहे, कुठे बेटांवर वस्ती करणारा पहिला नाविक, तर कुठे त्या मुलखाचा राजा. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंत गेला तेव्हा तिथल्या एका बेटावर, बहुधा आजच्या किश्मवर, याच राजाची कबर असल्याचे स्थानिकांनी त्याला सांगितले. नाव आधी आणि राजा नंतर, हा दंतकथांचा नेहमीचा क्रम आहे. शहराचे नाव समजेना की त्याच नावाचा संस्थापक निर्माण होतो. म्हणून एरिथ्रास खरा होता का, या वादात शिरण्याचे कारण नाही. पाहायचे ते त्याचे ठिकाण. झऱ्याची गोष्ट सांगणारा क्टेसियस इराणी दरबारातला. एरिथ्रासच्या गोष्टीत पुन्हा इराणी माणूस, आणि त्याची कबर इराणच्या आखातात. गोष्टी वेगवेगळ्या आहेत, पण बोट इराणकडे दाखवतात. हे नाव इराणच्या बाजूने आले अशी एक आठवण ग्रीकांच्या मनात शिल्लक होती, असे मला यावरून वाटते.

आता हेरोडोटसच्या चौथ्या पुस्तकातले एक वाक्य पाहू. या साऱ्या चर्चेत सर्वाधिक वजन त्याला आहे. आशियाची मांडणी करताना तो सांगतो की इराणी लोक दक्षिणेकडच्या समुद्रापर्यंत पसरले आहेत आणि त्या समुद्राला एरिथ्रा म्हणतात. त्यांच्या वर मीड लोक, त्यांच्या वर सास्पिर, आणि सास्पिरांच्या वर कोल्किसचे लोक, जे फासिस नदी मिळते त्या उत्तरेकडच्या समुद्रापर्यंत पोहोचतात. फासिस म्हणजे जॉर्जियातली आजची रिओनी, आणि तो उत्तरेकडचा समुद्र म्हणजे काळा समुद्र. एकाच सरळ रेषेत चार लोकसमूह, रेषेच्या दक्षिण टोकाला तांबडा समुद्र आणि उत्तर टोकाला काळा. हा नकाशा अथेन्समध्ये बसून सुचण्यासारखा नाही. ग्रीकांच्या दृष्टीने काळा समुद्र ईशान्येला होता आणि एरिथ्रा आग्नेयेला कुठेतरी फार दूर. दोन्ही समुद्रांना एकाच जोडीची दोन टोके म्हणून पाहण्यासाठी मध्ये उभे राहावे लागते, आणि मध्ये उभे होते ते इराणचे हखामनी साम्राज्य. सायरसने ते उभे केले इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यावर, आणि पुढच्या शतकात ग्रीक साहित्यात या दोन्ही नावांचा वावर दिसतो. पिंडारच्या इसवी सनपूर्व ४६२ मधल्या एकाच स्तोत्रगीतात हे दोन्ही समुद्र आपापल्या नावांनिशी येतात.

काळ्या समुद्राला ग्रीक ‘अक्सेइनोस’ म्हणत. ग्रीक कानाला याचा अर्थ ‘आतिथ्यशून्य’ असा लागतो. स्ट्रेबो त्याचे कारणही देतो: वादळे भयंकर आणि काठावरचे सिथियन लोक क्रूर. पुढे ग्रीकांनी काठावर नगरे वसवली आणि नाव ‘युक्सेइनोस’, म्हणजे ‘आतिथ्यशील’, असे झाले. अशुभाला शुभ नाव देण्याची रीत आपल्याही ओळखीची आहे. पण परक्या समुद्राला आधी शिवी आणि मग स्तुती, हा प्रकार थोडा कृत्रिम वाटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषाशास्त्रज्ञ माक्स फास्मर यांनी यावर नवा प्रकाश टाकला. प्राचीन इराणी भाषांत ‘अख्शैन’ असा रंगवाचक शब्द आहे आणि त्याचा अर्थ गडद, काळपट. ग्रीकांनी तो ऐकला, अर्थ कळला नाही, आणि आपल्या भाषेतल्या जवळच्या शब्दाशी त्याची गाठ मारली. म्हणजे समुद्राचे काळे नाव आधीपासून होते आणि ‘आतिथ्यशून्य’ हा ग्रीकांचा गैरसमज होता. परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवण्याची ही प्रक्रिया सर्व भाषांत चालते, त्यामुळे यात ओढूनताणून काही नाही.

याला एक रास्त आक्षेप घेतला जातो. सुसा येथील आपल्या राजवाड्याच्या शिलालेखात सम्राट दारियस कोणते साहित्य कुठून आणले ते सांगतो, आणि ख्वारेझमहून आलेल्या ‘अख्शैन’ रत्नाचा उल्लेख करतो. हे रत्न पेरोज, म्हणजे फिरोजा, असे अभ्यासक मानतात, आणि फिरोजा निळा असतो. मग तो समुद्र काळा कसा, निळाच म्हणायला हवा! मराठी वाचकाला या आक्षेपाचे उत्तर लांब शोधावे लागणार नाही. संस्कृतात ‘नील’ शब्द निळ्यापासून काळ्यापर्यंत सारी गडद छटा व्यापतो, आणि ज्या देवाचे नावच कृष्ण, म्हणजे काळा, त्याला आपण निळा रंगवतो आणि सावळा म्हणतो. निळा आणि काळा यांच्यामधली भिंत प्रत्येक भाषेत एकाच जागी बांधलेली नसते. प्राचीन इराणी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी, तेव्हा इराणीत ती भिंत सैल असणे अपेक्षितच आहे. दुसरे स्पष्टीकरण काळ्या समुद्राच्या खोल पाण्याचे दिले जाते. सुमारे दीडशे ते दोनशे मीटरखाली तिथे प्राणवायू नाही, हायड्रोजन सल्फाइड साठलेला आहे आणि तळचा चिखल काळा आहे. ही माहिती खरी आणि विलक्षण आहे, पण ती आधुनिक मोजमापांतून मिळाली. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या नावाड्याला दिसत होता तो पृष्ठभाग, आणि तो इतर समुद्रांसारखाच होता.

तेव्हा प्रश्न असा उरतो की उत्तरेच्या समुद्राला काळा आणि दक्षिणेच्या समुद्राला तांबडा म्हणण्यात काय तर्क आहे. आशिया खंडाच्या मोठ्या भागात दिशांना रंग होते, हे त्याचे उत्तर. चीनमध्ये पूर्व निळी-हिरवी, दक्षिण तांबडी, पश्चिम पांढरी, उत्तर काळी आणि मध्य पिवळा. बीजिंगमध्ये मिंग काळातली भूमी आणि धान्याच्या देवतांची वेदी आजही आहे आणि तिच्यावर पाच रंगांची माती याच क्रमाने पसरलेली असते. ही केवळ चिनी पंडितांची मांडणी नव्हती. इसवी सनपूर्व २०० मध्ये शिओंग्नू या भटक्या टोळ्यांनी चीनच्या हान सम्राटाला पिंगचेंगजवळ वेढले. त्या वेढ्यात पश्चिमेचे सारे घोडे पांढरे, पूर्वेचे निळसर करडे, उत्तरेचे काळे आणि दक्षिणेचे तांबडे होते, असे चीनचा महान इतिहासकार सिमा च्येन लिहितो. वर्णनात अतिशयोक्ती असेल, पण तिच्यामागची कल्पना स्पष्ट आहे. तुर्क लोकांतही हीच पद्धत होती, आणि आजच्या तुर्की भाषेत उत्तरेचा समुद्र ‘कारा देनिझ’ म्हणजे काळा समुद्र, तर पश्चिमेकडच्या भूमध्य समुद्राचे नाव ‘अक देनिझ’, म्हणजे पांढरा समुद्र. दिशेला दुसऱ्याच कुठल्या गोष्टीचे नाव देणे आपल्यालाही परके नाही. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात येतो ती ‘दक्षिण’, आणि अरबीतही ‘यमन’ शब्दाने उजवा हात आणि दक्षिण दोन्ही सूचित होतात. काहींनी दिशेला अंग दिले, काहींनी रंग दिला.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की चिनी, शिओंग्नू आणि तुर्क यांचे पुरावे आहेत, इराण्यांचा कुठे आहे? हा आक्षेप टाळून चालणार नाही. हखामनी काळातल्या एकाही लेखात तांबडा समुद्र किंवा काळा समुद्र असे शब्द सापडलेले नाहीत. उलट दारियसचा एक लेख वेगळेच सांगतो. त्याने नाईलपासून समुद्रापर्यंत कालवा खणवला आणि त्याच्या काठी शिळा उभ्या केल्या. त्यांपैकी एक १८६६ साली सुएझजवळ शालूफ येथे सापडली. तीत हा समुद्र ‘पार्सपासून येणारा समुद्र’ असा उल्लेखिला आहे, तांबडा नव्हे. विरोधकाला हा पुरावा मोठा वाटेल. पण त्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. सुएझपासून पार्सपर्यंतचे, म्हणजे इराणपर्यंतचे, सारे पाणी दारियसच्या दृष्टीने एकच समुद्र होते, आणि हेरोडोटसच्या एरिथ्रातही ते सारे पाणी येते. इजिप्तच्या कालव्याच्या काठी उभ्या केलेल्या राजशासनात, हे पाणी थेट आपल्या घरापर्यंत जाते, ही फुशारकी मारायची असताना लोकांच्या बोलीतले दिशेचे नाव तिथे येण्याचे कारण नव्हते. दुसरा आक्षेप भूगोलाचा. इराणच्या नेमका उत्तरेला कॅस्पियन आहे, काळा समुद्र वायव्येला आहे. हे खरे आहे, आणि ही या मांडणीतली कमकुवत जागा आहे असे मी मानतो. तरी हेरोडोटसची ती रेषा इराणपासून मीड मुलखातून कोल्किसलाच जाते आणि तिथल्या समुद्राला तो उत्तरेचा म्हणतो. साम्राज्याच्या पश्चिम अर्ध्या भागात, आर्मेनिया आणि आशिया मायनरमध्ये उभे राहिले तर उत्तरेला काळा समुद्रच येतो. शिवाय हे नाव काळ्या समुद्राच्या उत्तर काठावरच्या सिथियनांनी दिले असते, तर त्यांच्यासाठी तो दक्षिणेचा होता आणि तांबडा ठरला असता. म्हणून नाव देणारे दोन्ही समुद्रांच्या मध्येच राहत असले पाहिजेत. जर्मन इराणविद्यातज्ज्ञ ऱ्यूडिगर श्मिट यांनी हाच युक्तिवाद नेटाने मांडला आहे, आणि मला तो आजवरच्या सर्व उत्तरांत सर्वाधिक सलग वाटतो.

एवढे पसरलेले नाव पुढे आक्रसत का गेले, हे सांगायला फार वेळ लागत नाही. जसजशी माहिती वाढली तसतशी त्या एका समुद्राची वाटणी झाली. इराणजवळच्या भागाला इराणी आखात, भारताकडच्या पाण्याला भारतीय समुद्र अशी स्वतंत्र नावे मिळाली. ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांचा रोजचा राबता इजिप्तच्या बंदरांशी होता, मायोस होर्मोस आणि बेरेनीके येथून त्यांची जहाजे सुटत, त्यामुळे दारातल्या पाण्याला जुने नाव शेवटपर्यंत राहिले. लॅटिनमध्ये ते ‘मारे रुब्रुम’ झाले आणि तिथून युरोपच्या सगळ्या भाषांत गेले. दिशेचा अर्थ केव्हाच विसरला गेला होता. उरला नुसता रंग, आणि त्या रंगाला कारण शोधता शोधता राजा, झरा, डोंगर आणि शेवटी शेवाळ हाती आले. १ जानेवारी १८९० रोजी इटलीने या समुद्राच्या आफ्रिकी काठावरच्या आपल्या वसाहतीला एरिट्रिया हे नाव दिले तेव्हा तोच ग्रीक शब्द पुन्हा नकाशावर आला, आणि १९९३ पासून ते एका स्वतंत्र देशाचे नाव आहे.

दिशेची मांडणी निर्विवाद सिद्ध झाली आहे असे मी म्हणणार नाही. एखाद्या इराणी मृण्मुद्रेवर किंवा शिळेवर समुद्राचे रंगनाम सापडेल तेव्हाच ते म्हणता येईल. पण आज हाती असलेल्या पुराव्यांत हेरोडोटसचे ते वाक्य, नावाचा मूळ विस्तार, काळ्या समुद्राची जोडी आणि काठावरच्या लोकांचे मौन हे चारही धागे फक्त याच मांडणीत एकत्र येतात. शेवाळाच्या स्पष्टीकरणाला यांतला विस्ताराचा धागा सोडला तर एकही जुळत नाही, म्हणून भूगोलाच्या पुस्तकांतून ते निश्चित उत्तर म्हणून देणे आता थांबले पाहिजे. फार तर एकोणिसाव्या शतकातला एक अंदाज म्हणून त्याचा उल्लेख करावा, आणि शेजारी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: पहिल्या शतकात कल्याण तांबड्या समुद्रावर होते, तर तो रंग कशाचा?